पहिलीच मॅच सातवी

५ मार्च, शनिवार

जिंकलो.

एवढंच लिहून वही मिटावी असं वाटतंय, पण उद्या हे खरं वाटणार नाही म्हणून लिहितो. आमच्या गटाची बास्केटबॉल फायनल आम्ही नऊ पॉइंटनी मारली. म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आता आमच्या स्टोनी फोर्क कॉलेजचं नाव असणार. याआधी ते लागलं तेव्हा मी चौथीत होतो आणि गावात खाण चालू होती.

जेरिको टॉलिव्हरनं एकट्यानं एकतीस पॉइंट काढले. गावातलंच पोरगं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. तो नसेल तर आम्ही म्हणजे नुसते धुतलेले गणवेश. एकच गोष्ट मला खटकते. ऐन रंगात आला की हा बुटाची लेस बांधायला खाली बसतो. आजही शेवटची तीन मिनिटं उरली असताना बसला. मी बाकावरून ओरडलो, "अरे, लग्नाला निघालायस का? ऊठ!" उठला, आणि पुढचा बॉल थेट जाळीत. अंगात कला असलेल्या पोरांचे असले नखरे असतातच.

मॅच संपल्यावर त्याची आई मिस ओडेसा गर्दीतून वाट काढत आली. शाळेची बस चालवते ती. अर्धं गाव तिच्या बसमधून शिकून मोठं झालंय. तिनं पोराला मिठी मारली नाही. नुसता त्याच्या छातीवर पंजा ठेवून उभी राहिली, बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कोच, याचा चेहरा उतरलाय का हो?"

"मिस ओडेसा, एकतीस पॉइंट काढल्यावर माझाही उतरला असता."

ती हसली नाही. आयांना जिंकण्याचं सुख घेता येत नाही.

६ मार्च, रविवार

बाबांनी चर्चमधून आल्यावर बीन्स शिजवले, मक्याचा पाव भाजला. वय एक्याऐंशी, पण लोखंडी तव्याला मला हात लावू देत नाहीत. मी चौदा वर्षं व्यावसायिक संघात दुय्यम कोच होतो ही गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. कोणी विचारलं तर सांगतात, "हॉलिस पश्चिमेला होता." जणू तुरुंगात होतो. तिथला मोठा कोच गेला, त्याच्याबरोबर आमची पंगत उठली, आणि मी एक वर्षाच्या करारावर इथे आलो. बाबांच्या मते मी सुटून आलो.

आज जेवताना पुन्हा तेच.

मी म्हटलं, "बाबा, व्यावसायिक संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, सात मॅचची मालिका असते. एक हरलात तर दुसऱ्या दिवशी बसून चूक शोधता, परवा सुधारता. शेवटी जो खरा चांगला तोच जिंकतो. न्याय असतो त्यात."

"न्याय हवा तर कोर्टात जा," बाबा म्हणाले. "तुमच्या पहिल्या तीन मॅच म्हणजे पाहुणचार. तू हो पुढे, मी हो पुढे. माणूस जिवावर उदार कधी होतो? सातव्या मॅचला. कॉलेजात एक हरलात की घरी. आमच्याकडे पहिलीच मॅच सातवी."

"आणि एखादा दिवसच वाईट निघाला तर?"

"तर रडायचं. तुमच्या त्या कोट्यधीशांना कधी रडताना बघितलंय? पुढच्या मॅचच्या आधी त्यांना मालिश असतं."

पाव घशात अडकेपर्यंत हसलो. हे घर सोडून गेल्यापासून असा हसलो नव्हतो.

१३ मार्च, रविवार

राष्ट्रीय स्पर्धेची यादी जाहीर होणार म्हणून सगळी टीम जिममध्ये टीव्हीसमोर बसली होती. आमचं नाव विभागातल्या सोळा संघांत चौदाव्या क्रमांकावर लागलं. शुक्रवारी पिट्सबर्गला, उत्तरेकडच्या एका प्रचंड विद्यापीठाशी. त्यांच्या एका वसतिगृहात आमच्या गावापेक्षा जास्त माणसं झोपतात. पोरं नाचली, जेरिको खुर्चीवर बसूनच टाळ्या वाजवत होता. मोठ्या खेळाडूचा समजूतदारपणा. मला आवडलं.

मला मात्र नाचता येईना. चौदा वर्षं मला 'आज नाही जमलं, परवा बघू' या वाक्यावर जगायची सवय लागलीय. शुक्रवार हरलो की शनिवारी आम्ही कोणी नाही. कॉलेजच्या अध्यक्षबाई डॉ. व्हिस्मन जाता जाता म्हणाल्या, "शुक्रवारनंतर आपण तुमच्या पुढच्या वर्षांबद्दल बोलू, कोच." शुक्रवारच्या कोणत्या निकालानंतर, ते बोलल्या नाहीत.

१४ मार्च, सोमवार

हे लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी लवकर जिममध्ये गेलो. जेरिको एकटाच बॉल टाकत होता. मी वरच्या दारात उभा राहिलो, त्याचं लक्ष नव्हतं. बॉल आपटत तो डावीकडून आत शिरला आणि मध्येच थांबला. एक गुडघा टेकला. मला वाटलं, झालं, लेस. मग त्यानं हाताचा तळवा जमिनीवर ठेवला आणि संथपणे, झोपायला जावं तसा, कुशीवर कलंडला. बॉल एकटाच घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही. त्याच्याजवळ पोचलो तेव्हा डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यात तो नव्हता. मी नावानं हाका मारल्या. गालावर मारलं. मग एकदम तो परत आला. मला पाहून पहिली गोष्ट काय बोलला? "लेस बांधत होतो, कोच."

त्याच्या दोन्ही लेस घट्ट बांधलेल्या होत्या.

"चल, टीमच्या डॉक्टरांकडे. एस्टेपना दाखवू."

त्यानं माझं मनगट धरलं. त्या हाताची पकड अजून जाणवतेय. "नाश्ता नव्हता केला. पाणी नव्हतं प्यालो. बास, एवढंच. तुम्ही त्यांना सांगितलंत तर ते मला बसवतील. तपासण्या पुढच्या आठवड्यात होतील. पुढच्या आठवड्यात मी कोण असेन, कोच?"

मी त्याला आधार देऊन बसतं केलं.

"व्यावसायिक क्लबांची माणसं शुक्रवारी बघायला येणार आहेत. स्टोनी फोर्कला कोण येतं? आयुष्यात कोणी आलंय? एक मॅच. मला एक मॅच द्या. मग कुठे म्हणाल तिथे येतो, छाती फाडून दाखवतो."

"जेरिको—"

"शब्द द्या."

मी दिला. देव मला क्षमा करो, दिला. आणि देताना त्याची काळजी वाटत होती की शुक्रवारची, हे मला स्वतःलाही नीट सांगता येत नाही.

१५ मार्च, मंगळवार

आज सरावात तो पाखरासारखा खेळला. दर दहा मिनिटांनी मी शिट्टी वाजवून पाणी प्यायला लावत होतो. पोरं वैतागली. कोल्बी रिची, जेरिकोच्या जागेवरचा आमचा राखीव खेळाडू, म्हणाला, "कोच, पिट्सबर्गला पोहत जायचंय का?"

कदाचित खरंच नाश्त्याचं असेल. मीही कॉलेजात असताना एकदा चक्कर येऊन पडलो होतो.

आमच्या जुन्या क्लबात हे घडलं असतं तर मला काही ठरवावंच लागलं नसतं. तिथे एका खेळाडूमागे चार डॉक्टर, वर त्याचा एजंट, वर विमा कंपनीचा माणूस. मालिकेतली तिसरी मॅच तो कोटटाय घालून बाकावर बसला असता, पाचवीला परत आला असता, कोणी पापणी हलवली नसती. इथे मी पाहिलं, एकट्यानं. मी डोळे मिटले तर ते झालंच नाही.

१६ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ते अंगणात गाडीचं इंजिन पुसत होते. ऐकून घेतलं. फडकं नीट घडी करून ठेवलं. "श्वास चालू होता?"

"हो."

"उठून चालला?"

"हो."

"मग खेळव त्याला."

"बाबा, तो पडला होता."

"आम्ही खाणीत रोज पडायचो. उठायचो आणि टोपी घालायचो. हॉलिस, ऐक. हे पोरगं बावीस वर्षं या एका रात्रीसाठी जगलंय. तू त्याचं काय वाचवणार आहेस? तू त्याच्याकडून काढून घेतलेली ही रात्र तो जन्मभर तुझ्याकडे मागत फिरेल."

"आणि मेला तर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "तुला त्या पश्चिमेच्या लोकांनी भित्रा करून पाठवलं," म्हणाले आणि बॉनेट आपटलं.

दुपारी बस निघाली. सगळं गाव रस्त्याच्या कडेला. पेट्रोल पंपाच्या पाटीवर दूध-अंड्यांचे भाव काढून, बायबलातल्या जेरिको शहराच्या कोसळलेल्या भिंती आठवून, 'जेरिको, भिंती पाड' असं लिहिलेलं. तो खिडकीशी कपाळ टेकून बसला होता, हसत, हात हलवत. मी त्याच्या मागच्याच सीटवर बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो, श्वास घेतोय ना म्हणून. पिट्सबर्ग येईपर्यंत तेच.

१७ मार्च, गुरुवार

मिस ओडेसा चर्चच्या मंडळींबरोबर व्हॅननं आली. हॉटेलच्या दारातच गाठ पडली. मी म्हटलं, "काल तर झोप लागली नसेल तुम्हाला."

"कोच, तो जेवतो का तुमच्यासमोर?"

"दोन माणसांचं."

"सारखं पाणी देत जा त्याला. आणि मध्ये मध्ये बसवत जा. दोन-दोन मिनिटं. कोणाला कळणार नाही असं."

मला वाटलं, सांगून टाकावं. ही आई आहे, हिला हक्क आहे. पण शब्द दिला होता. म्हटलं, "काळजी करू नका." ती पुढे काहीतरी बोलणार होती. ओठ हलले तिचे. मग चर्चच्या बायकांनी हाक मारली आणि ती वळली. बिचारीला मोठ्या हॉटेलांची सवय नाही, भांबावली असेल.

संध्याकाळी भल्यामोठ्या रिकाम्या स्टेडियममध्ये तासभर सराव. जेरिको मधोमध उभा राहून वर छताकडे बघत होता. "किती उंच आहे," म्हणाला. एवढंच.

काय करू? दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं दगड झालंय. न सांगावं तर रात्रभर त्याचा तळवा जमिनीवर टेकलेला दिसतो. सांगावं तर हे छताकडे बघणं दिसतं. प्रार्थना करायला बसलो. विजयासाठी करायची की त्याच्यासाठी, ते ठरेना. उठलो.

१८ मार्च, शुक्रवार, सकाळी

नाश्त्याला पोरं दंगा करत होती. जेरिकोनं सिरपमध्ये बुडवलेला पॅनकेक उचलला आणि कोल्बीला काहीतरी चिडवलं. सगळे खदखदून हसले. तो बोलता बोलता मध्येच थांबला, काटा खाली ठेवला, दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. डोळे टेबलाकडे. मग कड सोडली आणि गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागला. कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्यानं नाश्ता केला होता. पाणी प्याला होता.

मी उठून डॉक्टर एस्टेपच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "बाहेर या जरा."

संध्याकाळी

डॉक्टरांनी एका वाक्यात संपवलं: "तो खेळणार नाही." मग मला विचारलं, "सोमवारपासून? हॉलिस, सोमवारपासून?" आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीकडे बघितलं.

जेरिकोला मीच सांगितलं. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुम्ही शब्द दिला होतात."

"हो."

"मग तुम्ही मला सोमवारीच दगा का नाही दिलात? चार दिवस तरी वाचले असते."

त्यानं गणवेश घातला नाही. बाकाच्या टोकाला, माझ्यापासून सगळ्यात लांब, साध्या शर्टात बसला. स्टेडियम गच्च भरलं होतं. मिस ओडेसा उभी होती. तिनं त्याला शर्टात पाहिलं आणि मटकन खाली बसली. तोंड हातांनी झाकून घेतलं. केवढी निराशा झाली असेल तिची.

आम्ही एका पॉइंटनं हरलो.

वीसनं हरलो असतो तर मला जगता आलं असतं. पण कोल्बीनं सगळी ताकद पणाला लावली, पोरं कुत्र्यासारखी झोंबली, आणि शेवटचा बॉल रिंगवर दोनदा नाचून बाहेर पडला. तिथे जेरिको असता तर? कोणीही सांगेल. मीही सांगतो.

कोल्बी जमिनीवर पालथा पडून रडत होता. त्याला उचलायला जेरिको गेला. मी नाही.

घरी फोन केला. बाबांनी उचलला, रेडिओचा आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "बाबा." त्यांनी ठेवून दिला.

२२ मार्च, मंगळवार

लेक्झिंग्टनच्या हॉस्पिटलात जेरिकोच्या तपासण्या झाल्या. छातीला वायरी लावून पळवलं, सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. डॉक्टर एस्टेपनी दुपारी फोन केला.

सगळं ठीक आहे. काही नाही.

काही नाही!

मला वाटलं होतं, काहीतरी निघावं. ही ओळ लिहिताना मान खाली जाते, पण ही वही खोटं बोलायला घेतलेली नाही. त्या पोराच्या छातीत काहीतरी निघावं, म्हणजे मी वेडा ठरणार नाही, असं मला वाटलं. मी असा माणूस आहे.

२४ मार्च, गुरुवार

चहाकॉफीच्या दुकानातली वेट्रेस माझ्या टेबलावरून किटली घेऊन तीनदा गेली. कप रिकामाच. पेट्रोल पंपाच्या पाटीवर आता 'क्रॅबट्री, पश्चिमेला जा'. क्रॅबट्री म्हणजे मी. बाबा जेवायला वाढतात, ताट समोर ठेवतात आणि आपलं ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसतात.

१ एप्रिल, शुक्रवार

अध्यक्षबाईंनी बोलावलं. करार वर्षाचाच होता, वर्ष संपलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. "तुम्ही योग्यच केलं असेल," म्हणाल्या. "पण सोमवारी केलं असतंत तर योग्य झालं असतं. शुक्रवारी केलंत, त्यामुळे ते नुसतं उशिराचं झालं."

१२ एप्रिल, मंगळवार

आठवडाभर जुन्या ओळखीच्या लोकांना फोन करतोय, माझ्यासाठी नाही, जेरिकोसाठी. शेवटी आमच्या जुन्या क्लबातल्या एकानं त्याला मे अखेरीस निवड चाचणीला बोलवायचं कबूल केलं. निरोप कोल्बीकरवी धाडला. माझा फोन जेरिको घेत नाही. कोल्बी सांगत होता की तो आता रोज एकटा शाळेमागच्या डोंगरावर पळतो, वर-खाली, दमछाक होईपर्यंत.

चला. निदान एवढं तरी माझ्या हातून झालं. आज पहिल्यांदा जरा बरं वाटतंय.

१८ एप्रिल, सोमवार

दुपारी दारासमोर पिवळी स्कूलबस थांबली. पोरं उतरवून झालेली, रिकामी. मिस ओडेसा स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ आतच बसून होती. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. द्याव्यातच. मी ओसरीवर जाऊन उभा राहिलो. बाबा तिथेच झुलत्या खुर्चीत होते.

ती पायऱ्या चढून आली. बसली नाही.

"कोच, ती चाचणी तुम्ही ठरवलीत?"

"हो. माझ्यानं तेवढंच—"

"रद्द करा."

मला कळेना. "मिस ओडेसा, तपासण्या चांगल्या आल्या आहेत. आता काळजीचं—"

"माझ्या स्वयंपाकघरात पडला होता तो. जानेवारीत." तिचा आवाज कोरडा होता. "मी चिकन तळत होते, तो फ्रीजला टेकून गोष्टी सांगत होता. बोलता बोलता फ्रीजवरून घसरत खाली आला. कोच, त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. उठल्यावर म्हणाला, नाश्ता नव्हता केला. तेव्हा सहा वाजले होते संध्याकाळचे."

बाबांची खुर्ची थांबली.

"आणि तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"मी त्याला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. त्यानं नाही सांगितलं मला, मी सांगितलं त्याला. मी! त्याची आई! म्हटलं, मार्च होऊ दे. मला बघायचं होतं त्याला टीव्हीवर. आमच्या घराण्यातलं कोणी कशात नव्हतं कधी. रोज बस चालवताना मी देवाशी घासाघीस करायचे, मार्चपर्यंत सांभाळ, पुढे बघू. तुमच्याकडे यायचे आणि पाणी द्या म्हणायचे. पाणी!" ती हसली, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "पिट्सबर्गला त्याला साध्या शर्टात पाहिलं ना, तेव्हा माझ्या पायातलं बळच गेलं. इतकं सुटल्यासारखं मला जन्मात वाटलं नव्हतं. आणि तरी मी तुमच्याशी बोलले नाही. गाव तुम्हाला खात होतं आणि मी बस चालवत होते."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "बसा, मिस ओडेसा."

"बसायला आले नाही. तपासणीत निघालं नाही म्हणून तो मला वेडी म्हणतो. डोंगरावर पळतो. माझं ऐकत नाही. तुम्ही चला."

"माझं तर त्याहून ऐकणार नाही."

तेव्हा बाबा उठले. पिट्सबर्गनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "टोपी घे," म्हणाले. "मीही येतो."

तिघं त्या रिकाम्या स्कूलबसमधून टॉलिव्हरच्या घरी गेलो. बाबा लहान पोरांच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते.

जेरिको नुकताच डोंगरावरून आला होता, घामानं निथळत. आम्हाला बघून म्हणाला, "वा, सगळी पंचायतच आली." टेबलाशी बसला. आईनं काही न बोलता त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यानं तो ढकलला.

मी म्हटलं, "मला शिव्या दे, मी ऐकून घेईन. आधी एक सांग. किती वेळा?"

"एकदा. तुम्ही बघितलंत ते."

"आणि जानेवारीत, इथे," मिस ओडेसा म्हणाली.

त्यानं आईकडे पाहिलं. तिनं सांगितलं असेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. चौदा वर्षं मी मोठमोठ्या खेळाडूंशी बोललो, त्यांना काय सांगायचं ते मला ठाऊक असे. इथे मी नुसता त्या ढकललेल्या ग्लासाकडे बघत होतो.

बाबा बोलले ते चिडूनच. "पोरा, मी याला सांगितलं होतं तुला खेळव म्हणून. मी. साठ वर्षं रेडिओला कान लावून बसलो, मला वाटलं मला सगळं कळतं. उद्या तू त्या डोंगरावर पडलास तर तुला उचलायला कोण आहे तिथे? कोल्हे? आकडा सांग आणि मोकळा हो."

जेरिकोनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मग म्हणाला, "पाच. मध्येच डोळ्यांपुढे अंधार यायचा ते सोडून. ते आलं की मी खाली बसायचो."

मिस ओडेसा सिंककडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"मला परत तिकडे एकटं नका पाठवू," जेरिको म्हणाला. आवाज एकदम लहान झाला त्याचा. "गेल्या वेळी त्या मशिनवर पळताना मी देवाला म्हणत होतो, काही निघू देऊ नको. आणि नाही निघालं, तर जास्तच भीती वाटली."

मी त्याच्याशेजारची खुर्ची ओढली. तो सरकला नाही.

७ मे, शनिवार

लेक्झिंग्टनच्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी त्याच्या छातीवर दोन आठवडे एक छोटं यंत्र चिकटवून ठेवलं होतं. एक दिवसाच्या तपासणीत सापडत नाही ते त्यात सापडतं म्हणे. सापडलं. एका दुपारी, तो घरी सोफ्यावर पडून पेपर वाचत असताना, त्याच्या काळजानं बेफाम धाव घेतली होती. त्याला स्वतःला कळलंही नव्हतं. कागदावर मात्र ते दिसत होतं. कोणी पेन्सिल धरून रागारागानं गिरगटावं तसं.

जूनमध्ये ऑपरेशन. मोठं नाही, पण काळजाचं. नंतर वर्षभर खेळणं नाही. पुढे? "पुढचं पुढे," बाई म्हणाल्या. कदाचित पुन्हा खेळेल, कदाचित नाही. जगेल, हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं. पळत राहिला असता तर ठामपणे सांगितलं नसतं, तेही बोलल्या.

मिस ओडेसा फॉर्म भरायला गेली. जेरिको आणि मी प्रतीक्षागृहात बसलो. टीव्हीवर व्यावसायिक प्लेऑफ चालू होती, मालिकेतली तिसरी मॅच, माझा जुना क्लब. त्यांचा मुख्य खेळाडू घोटा दुखतोय म्हणून कोट घालून बाकावर बसला होता आणि शेजाऱ्याशी काहीतरी विनोद करत होता. संघ सतरा पॉइंटनी मागे. कोणाच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही.

जेरिको टक लावून त्या कोटवाल्याकडे बघत होता. मला वाटलं, आता रडणार. मी खिशात रुमाल शोधू लागलो.

"कोच," तो म्हणाला, "हा मंगळवारी खेळेल?"

"बहुतेक."

"आणि मंगळवारी नाही जमलं तर?"

"तर गुरुवारी."

त्यानं पाय लांब केले, डोकं मागे भिंतीला टेकवलं. "कोट बरा आहे त्याचा," म्हणाला. "मी त्या दिवशी तो चुरगळलेला शर्ट घालून बसलो होतो. आईला आवडलं नसेल."

आतून मिस ओडेसानं हाक मारली, "झालं रे, चला!" पण तो उठला नाही आणि मीही नाही. मॅच संपेपर्यंत बघत बसलो. ती पण येऊन आमच्या मध्ये बसली.